पडद्यापलीकडचे निखारे

१

या कहाणीतला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या पिंपातला सगळा सलगम नासो. लोणचंवाल्याने याहून मोठी शपथ काय घ्यायची? त्या दिवशी मी स्वतः तिथे होतो. म्हणजे वरच्या खोलीत नव्हतो, मागच्या दारी लोणच्याची बादली घेऊन उभा होतो. आता आमची बायको म्हणते की बादली थोरल्याने पोचवली आणि मी तो आठवडाभर तापाने अंथरुणात होतो. पण बायकोच्या आठवणीवर विसंबून कोणी गोष्ट सांगितली आहे का? शिवाय शामिसेन वाजवणारी उमेका त्या खोलीत होती, आणि तिने मला सगळं सांगितलं. ती जन्मात कधी खोटं बोलली नाही. वय विचारलं की बोलायची, तेवढं सोडा.

तर त्या दुपारी बर्फ पडत होता. नाही, पडत नव्हता. पडायच्या आधीचा गडगडाट चालला होता. आमच्या कानाझावात विजा उन्हाळ्यात नाही, थंडीत कडाडतात. मासेवाले आभाळाकडे बघून खूश होतात, बुरी मासा खाडीत शिरला म्हणतात, आणि बाकीचे खांदे वर ओढून घरी पळतात. तोकुजी मात्र घरातून बाहेर पडत होता.

तोकुजी म्हणजे लाखेची भांडी करणाऱ्या ओकाबेंचा घरजावई. नोतोच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याचा पोरगा. डाव्या हाताची करंगळी लहानपणी जाळ्याच्या दोरात सापडून वाकडी झालेली, आणि अंगठ्याचं नख लाखेने असं काळं पडलेलं की सात जन्म घासलं तरी निघू नये. बोलणं अजून खाऱ्या पाण्यातलं. ओकाबेंच्या घरात मुलगा नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलीच होतात आणि जावई आणावा लागतो. सासरे सेइबेइ हेही घरजावईच, डोंगरातल्या कुठल्याशा लाकूडतोड्यांच्या वाडीतले. पण ते आता कोणाला सांगून खरं वाटलं नसतं.

त्या दुपारी सेइबेइ जावयाला पहिल्यांदा ‘कासुमी’त जेवायला नेणार होते. नदीकाठच्या गल्लीतलं गेइशांचं चहाघर ते. तिथे पैसे घेऊन कोणीही उठून जाऊ शकत नाही. जुन्या पाहुण्याने हाताला धरून न्यावं लागतं, आणि मग त्या नव्याने जन्मभर जे काही वेडंवाकडं केलं त्याला तो जुना जबाबदार.

दारात बायकोने, नाओएने, त्याची बाही धरली.

“सगळी बटणं लावलीस?”

“लावली गो. अजून एक लावलं तर श्वास नाय येणार.”

“हसू नकोस. आई काय म्हणायची सांगितलंय ना तुला?”

सांगितलं होतं. नाओएची आई आता नाही, पण ती एकच वाक्य मागे ठेवून गेली होती: लग्न एकाशी लागलं, संसार दुसऱ्याशी केला. सेइबेइ तरुणपणी असेच एका दुपारी ‘कासुमी’त गेले, त्यांच्या सासऱ्यांबरोबर. जाताना डोंगरातली रांगडी बोली बोलत गेले, परत आले ते शहरी बोलत. त्यानंतर एकदाही जीभ घसरली नाही. झोपेतसुद्धा नाही. वागायला उत्तम, कामाला वाघ, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. आणि ती बाई मरेपर्यंत त्यांच्याकडे असं बघायची, जसं आपण गाडीत समोर बसलेल्या सभ्य माणसाकडे बघतो.

“तू जसा जातोयस तसाच ये,” नाओए म्हणाली. “बाकी मला काही नको. पाहुणा म्हणून घेतलं नाही तरी चालेल. शिव्या खाऊन ये, पण तूच ये.”

“मग कोणाला पाठवू? शेजारचा हेइता मोकळाच असतो.”

तिने बाही सोडली, पण हसली नाही.

२

‘कासुमी’चा जिना अरुंद आणि काळाभोर. वर ओतोकीबाई, चहाघराची मालकीण, गुडघ्यांवर बसून होती.

“आलात परत,” ती तोकुजीला म्हणाली.

तोकुजी गोंधळला. मग त्याला आठवलं की ही असलीच घरं. पहिल्यांदा आलेल्यालाही घरी आल्यासारखं वाटावं म्हणून असं म्हणत असतील. त्याने मान लववली. सेइबेइंनी कोट उतरवला.

खोली लांबट होती. एका बाजूला अंगणाची खिडकी, एका बाजूला लाल भिंत. मधोमध सोनेरी कागदाचा घडीचा पडदा आडवा उभा होता. तोकुजीने आजवर ऐकलं होतं ते असं, की पडदा खेळाच्या वेळी आणतात, एरवी कोपऱ्यात घडी करून ठेवतात. इथे तो खोलीचे दोन भाग करून आधीच उभा. बसायच्या उशा, ताटांचे लाल चौरंग, शामिसेन, सगळं अलीकडे. पलीकडे कोणी बसणार नव्हतं. पण खिडकीकडच्या कडेला हातभर फट होती, तिथून तोकुजीला दिसलं: पलीकडेही शेगडी ठेवलेली. तिच्यात ताजे निखारे. राखेवर कोणीतरी नुकत्याच नीट रेघा ओढलेल्या.

“तिकडे कोण बसतं?” त्याने हळूच विचारलं.

कोहागी, नाचणारी तरुण गेइशा, साकेची, तांदळाच्या दारूची, सुरई कापडात धरून आली होती. पांढऱ्या चेहऱ्यात दोन डोळे तेवढे हलले.

“तिकडे गारठा फार असतो, दादा.”

हे उत्तर आहे असं त्या वेळी तोकुजीला वाटलं. गारठा असतो म्हणून शेगडी. बरोबरच आहे. बदकाच्या कालवणाचा पहिला घास तोंडात गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की रिकाम्या जागेच्या गारठ्याची काळजी कोणाला?

३

जेवण मात्र झकास. कच्च्या बुरीचे काप, कमळकंद किसून वाफवलेला, आणि सलगमचं लोणचं. ते कोणाचं, हे मी सांगायला नको. कोहागीने एक नाच केला, पंखा उघडला की बर्फ, मिटला की काठी. उमेका म्हातारी शामिसेन मांडीवर घेऊन बसलेली. तिचा आवाज फुटक्या मडक्यासारखा, आणि गाणं असं की मडकं फुटल्याचं भलं झालं म्हणावं.

“दादा कोळ्यांचे ना?” कोहागीने पेला भरत विचारलं.

“हां. म्हणजे, हो.”

“मग एवढे कोरडे कसे? प्या की.”

“गळाला लागलेल्या माशाला पोहायला सांगतेस होय गं?” ओतोकीबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तोकुजीही हसला. त्याचं हसणं मोठं, होडीवरून होडीवर पोचेल असं.

पडद्यापलीकडे कोणीतरी बसल्या जागी मांडी बदलली.

त्याने कान दिला. तातामीच्या चटईवर रेशमी घोळ सरकला की सळसळ होते, दुपारभर ती ऐकून त्याच्या कानांना सवय झाली होती. हा आवाज कोरडा होता. जाड लोकरी विजार गुडघ्यात घासल्यासारखा. तोकुजीने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. लोकरी विजार. आपणच हललो असू, त्याने ठरवलं. जुनी घरं, लाकूड थंडीत करकरतं, आवाज भिंतीवर आपटून मागे येतो. असं स्वतःला समजावताना माणसाला कारणं कमी पडत नाहीत. पडतो तो धीर.

सेइबेइ पडद्याकडे पाठ करून बसले होते. अख्ख्या जेवणात त्यांनी मान त्या बाजूला वळवली नव्हती.

“बाबा,” तोकुजी पुटपुटला, “पलीकडे…”

“खेळ होईल आता,” सेइबेइ पेल्यात बघत म्हणाले. “जिंक, हर, काहीही कर. अर्धवट सोडून उठू नकोस. माझं नाव आहे इथे.”

४

खेळ असा. पडद्याच्या एका बाजूला एक गडी, दुसऱ्या बाजूला दुसरा. गाणं चालू असेपर्यंत दोघं एकमेकांना दिसत नाहीत. गाणं संपतं त्या ठोक्याला दोघांनी कडेपाशी बाहेर यायचं: वाघ होऊन रांगत, किंवा म्हातारी होऊन काठी टेकत वाकून, किंवा भालेवाला होऊन ताठ उभं. भालेवाला वाघाला मारतो, वाघ म्हातारीला खातो, आणि म्हातारी ही भालेवाल्याची आई, तेव्हा तिच्यापुढे त्याची काय बिशाद. हरला त्याने प्यायचं. बरोबरी झाली तर पुन्हा.

कोहागी घोळ सावरत पलीकडे गेली. तोकुजी अलीकडे, पडद्याला नाक लावून. शामिसेन सुरू झाली. शेवटच्या ठोक्याला तो छाती काढून भालेवाला झाला, आणि समोरून कोहागी रांगत आली, डरकाळी फोडायला जाऊन स्वतःच हसत सुटलेली. ती हरली, प्यायली, पेला उपडा करून दाखवला.

“आत्ता कुठे मासा पाण्यात पडला,” ओतोकीबाई म्हणाली. “चला, दुसरा डाव.”

तोकुजीला मजा वाटू लागली होती. साकेची ऊब पोटात उतरली होती, नाओएची आई, तिचं ते वाक्य, सगळं लांब गेलं होतं. गाणं सुरू झालं. या वेळी त्याने म्हातारी व्हायचं ठरवलं. पंख्याची काठी केली, कंबरेत पार वाकला, आणि ठोक्याला टुकुटुकु चालत बाहेर आला.

वाकलेल्या माणसाला समोरच्याचे पायच दिसतात. समोर पाय होते. गेइशाचे पांढरे मोजे नव्हते. काळे लोकरी मोजे, तेही म्हातारीसारखेच टुकुटुकु चालत आलेले.

“बरोबरी,” ओतोकीबाई म्हणाली.

तोकुजी हसत मागे सरला. सासरेबुवा उतरले वाटतं खेळात! घरी बारा महिने तोंड मिटून असतात आणि इथे म्हातारी होतात. नाओएला हे सांगायलाच हवं. त्याने वळून पाहिलं.

सेइबेइ जागेवरच होते. कोहागी त्यांच्या शेजारी बसून पेला भरत होती. उमेका शामिसेनवर झुकलेली. ओतोकीबाई हात मांडीवर ठेवून त्याच्याकडेच बघत होती, आणि पुढचं गाणं सुरू झालं होतं.

५

आता विचार करायला वेळ असता तर तो नीट विचार करता. दाराशी गडी असेल, स्वयंपाकी असेल, पाहुण्याची गंमत करायला कोणीतरी बसवून ठेवला असेल. असल्या घरांत असे खेळ करतात. पण गाणं लांबत नाही, आणि शेवटचा ठोका आला की बाहेर यावंच लागतं. पडद्याच्या कागदावर, अगदी त्याच्या तोंडासमोर, पलीकडून कोणाचा तरी श्वास लागत होता. तोकुजीने श्वास रोखला. पलीकडचाही थांबला.

तो वाघ झाला.

ठोक्याला तो चार पायांवर कडेपाशी आला. मान वर करायचा धीर झाला नाही. त्याचे दोन पंजे तातामीवर, आणि त्यांच्यासमोर, वीतभर अंतरावर, दुसरे दोन पंजे. एकाच्या अंगठ्याचं नख काळं. त्याच हाताची करंगळी आत वळलेली.

खोलीत कोणी हसलं नाही. बाहेर गडगडलं आणि खिडकीची चौकट थरथरली.

“बरोबरी,” ओतोकीबाई म्हणाली. आवाज अगदी मायेचा. “आणखी एक डाव, दादा? की आता एकमेकांना नमस्कार करून संपवायचं?”

तोकुजीला कळलं की वाघ झाला, म्हातारी झाली. म्हणजे आता भालेवाला. भालेवाल्याला उभं राहावं लागतं. उभं राहिलं की पाय दिसत नाहीत, हात दिसत नाहीत. तोंड दिसतं.

तेव्हा पडद्यापलीकडून, शेगडीच्या बाजूने, एक म्हातारा आवाज आला. घसा कैक वर्षांत वापरला नसावा असा.

“उबा ऱ्हा, पोरा. वाकू नगंस.”

डोंगरातली बोली. पण आवाज सासऱ्यांचा. तोकुजीने मान वळवून पाहिलं. सेइबेइंच्या ओठांना पेला लागलेला होता आणि ते पीत होते. पिताना कोणाला बोलता येत नाही. त्यांच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. पेला त्यांनी जरा जास्तच जपून खाली ठेवला.

६

मला विचाराल तर त्याने उभं राहायला हवं होतं. बघायचं होतं काय ते तोंड, द्यायची होती एक कोळ्याची शिवी, आणि जिना उतरून नाओएकडे धावायचं होतं. पण तुम्ही आमच्या गावची माणसं ओळखत नाही. इथे माणूस बुडताना आधी पाण्याची क्षमा मागतो. आणि सासऱ्यांचं नाव त्याच्या एका उठण्यावर टांगलेलं.

“नमस्कार करून संपवू या,” तोकुजी म्हणाला.

“शोभेल असंच बोललात,” ओतोकीबाई म्हणाली.

तो गुडघ्यांवर बसला, हात पुढे टेकले, कपाळ तातामीला लावलं. समोर कपडे कोरडे घासले, आणि दुसरं कपाळ टेकल्याचा बारीक आवाज आला. अगदी जवळ. सुक्या गवताचा वास, त्यात लाखेचा वास, आणि खालून, खूप खालून, खाऱ्या पाण्याचा.

आता गंमत अशी, की नमस्कारात आधी डोकं वर करणं हा उद्धटपणा. दोन सभ्य माणसं वाकली की दोघंही समोरच्याची वाट बघतात. आणि तोकुजी या बाबतीत गल्लीत बदनाम होता. घरजावयाचा संकोच, दुसरं काय. माझ्या दुकानात लोणचं घ्यायला आला तरी असा वाकायचा की मी आत जाऊन बरणी भरून बाहेर यावं तर हा अजून वाकलेलाच. नाओए म्हणायची, याला नमस्कार करू नका हो, चूल विझते माझी.

तेव्हा तो वाकून राहिला. डोळे मिटलेले. मनात नाओएचं नाव धरलेलं, जसं पोहता न येणारा होडीची कड धरतो. समोरून हालचाल नाही. उमेकाने एक तार छेडली आणि तिचा नाद विरेपर्यंत बोटाने दाबली नाही. निखारा फुटला. तोकुजीच्या मानेला रग लागली, कानात रक्त धडधडायला लागलं, आणि त्याला वाटलं की समोरचाही मनात तेच नाव घेतोय. तितक्याच कळवळ्याने.

शेवटी तोकुजीने डोकं वर केलं. उठला, पडद्याला वळसा घालून आपल्या उशीवर येऊन बसला, आणि चौरंगावरचं वाळवलेलं गोड पर्सिमनचं फळ खाल्लं. सेइबेइंनी त्याचा पेला भरला. सासऱ्याने जावयाचा पेला भरावा, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

“आता ये-जा ठेवा,” ओतोकीबाई म्हणाली.

७

परतताना बर्फ सुरू झाला होता. सासरा पुढे, जावई मागे, दोघांच्या छत्र्यांत एकसारखं अंतर. दिवे लागायच्या आत घरी.

नाओए दारातच होती. तिने त्याचा कोट घेतला, झटकला, आणि उगाच पुन्हा झटकला.

“काय काय होतं?”

त्याने सगळं सांगितलं. काय आधी आलं, काय नंतर, कमळकंद कसा वाफवलेला, नाचाला कोणता पंखा. एकही गोष्ट विसरला नाही. तिच्या थंड पडलेल्या हातावर स्वतःचा हात ठेवला, आणि तू किती वेळ दारात उभी आहेस, असं मायेने विचारलं.

“आताच आले,” नाओए म्हणाली.

बुटांचे चवडे दाराकडे करून त्याने ते नीट जुळवून ठेवले, जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं, आणि आत गेला. नाओए त्या बुटांकडे बघत राहिली. मग आतून हाक आली तेव्हा, “आले हं,” म्हणाली. पाहुण्यांशी बोलतात त्या आवाजात.

आजही ते सुखाने नांदतात. तीन मुली आहेत. तिघींतल्या थोरलीसाठी यंदा जावई बघताहेत.

८

आता शपथ घेतली आहे तर तिची लाज राखतो. या सगळ्यात मी पदरचं एकच घातलं आहे. बर्फ, निखारे, वाघ, म्हातारी, डोंगरातला तो आवाज, हे सगळं उमेकाने सांगितलं तसं. लोणचं चांगलं होतं हेही तिनेच सांगितलं. पण तोकुजीने डोकं वर केलं, हे वाक्य माझं. गोष्ट पुढे न्यायची तर कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं, म्हणून त्याचं घेतलं. उमेका एवढंच म्हणाली होती की दोघं वाकले आणि काही वेळाने एक उठला.

“आणि दुसरा?” मी विचारलं होतं.

ती तारा पुसत होती. पुसून झाल्या, कापडाची घडी केली, मग म्हणाली, “तो वाट बघतोय की, समोरचा आधी उठेल म्हणून. ओकाबेंकडचे जावई, फार सभ्य हो.”